समोरच्याचं कौतुक

मला बघायला आले होते तेव्हा मामांनी पोह्यांची बशी हातात धरून माळशिरसच्या एका मुलीचं भरभरून कौतुक केलं. ती मुलगी त्यांनी आदल्याच दिवशी बघितलेली. तिचं शिक्षण किती, अक्षर कसं, बोलताना नजर कशी खाली घालत नाही, तिच्या हातच्या थालीपिठाला चव कशी, सगळं सांगून झालं. नातेपुत्यातल्या आमच्या घरात सतरंजीवर बसलेले माझे वडील 'व्हय का, व्हय का' करत ऐकत होते आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. आईनं तर आत जाऊन चहाचं आधण उतरवूनच ठेवलं. ह्यांच्यासाठी आता साखर कशाला घालवायची, असा तिचा हिशोब. पोहे संपले. मामांनी बशी खाली ठेवली, उठले, दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक केलं आणि वडलांना विचारलं, "मग तारीख कवाची धरायची?"

वडील म्हणाले, "कशाची?"

असं माझं लग्न ठरलं. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत. पण या मामांना सोलापूरच्या अख्ख्या एसटी डेपोत मामाच म्हणत, त्यामुळं ते माझ्या एकटीचे कधी वाटलेच नाहीत. मागच्या वर्षी ते गेले. ते होते तेव्हा मी त्यांच्यावर जितकी चिडले तितकी दुसऱ्या कुणावर चिडले नसेन. आता घरात चिडायला तो माणूस नाही, तर करमत नाही.

त्या माळशिरसच्या मुलीचा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला होता. आमटीत मीठ जास्त झालं की मीच आधी म्हणायची, ती माळशिरसची असती तर बरोब्बर पडलं असतं. माझा नवरा संजय हसायचा. मामा खाली मान घालून जेवायचे. शेवटी एकदा आत्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं. तू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलीस तेव्हाच ह्यांनी मला कोपरानं ढोसलं होतं, हीच आपली सून म्हणून. आता एकदा तू आपली झालीस म्हटल्यावर तुझं कौतुक ते कसं करतील?

तर मामांचा हा कायदाच होता. कौतुक करायचं ते समोरच्याचं. घरच्या माणसाचे गुण घरच्यानं गायचे म्हणजे कंडक्टरनं आपल्याच गाडीच्या टपावर चढून ओरडल्यासारखं, असं त्यांचं मत. कुणी पाहुणा स्वतःच्या पोराचे मार्क सांगायला लागला की मामांची चुळबुळ सुरू व्हायची. ते खिशातली बडीशेप काढून चघळायला लागायचे आणि जरा वेळानं म्हणायचेच, "समोरच्याचं बी बघा की."

नोकरीभर ते एसटीत कंडक्टर होते, त्यातली बरीचशी वर्षं सोलापूर–बार्शी गाडीवर. निवृत्त झाले तरी कंडक्टरकी अंगातून गेली नाही. लग्नाला निघालो की जीपमध्ये माणसं मोजायचे आणि मगच बसायचे. संजय स्कूटरवरून कामाला निघाला की मागच्या सीटवर दोनदा थाप मारायचे. चौकटीवरची टकटकही तीच. दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा. माझं लग्न ठरवताना त्यांनी गाडी सोडली होती, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याच कुणाला तो कळला नव्हता.

गाडीवर असतानाही त्यांचा कायदा सुटायचा नाही. दुसऱ्या डेपोची गाडी आपल्या गाडीला ओलांडून गेली की बाकीचे कंडक्टर शिव्या घालत. मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या ड्रायव्हरची वाहवा करत. काय हात हाय त्येचा, कुटं म्हणून गचका न्हाय, असं चारचौघांत, आपल्या ड्रायव्हरच्या पाठीमागं उभं राहून. मग त्यांचा ड्रायव्हर फुगून बसायचा आणि वाटेतलं वैराग गाव येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. प्रवाशांना मात्र करमणूक.

घरात हाच ताप आत्यांना होता. आमच्या शेजारी नरसम्माक्का राहतात. घरात हातमागाचं काम, बोलणं तेलुगू, मराठी आपल्या सोयीनं. शेंगदाण्याची चटणी त्या उखळात कुटून करतात, तेल सुटेपर्यंत. मामा संध्याकाळी त्यांच्याकडून वाटीभर चटणी घेऊन यायचे आणि नेमके आत्या भाकरी वाढायला वाकल्या की सुरू व्हायचे. कुटण्याची ही पद्धत, तिखट असं, लसूण तसा. आत्याही उखळातच कुटायच्या, तेल त्यांच्याही चटणीला सुटायचं. एक दिवस त्यांनी भाकरी परत टोपल्यात टाकली आणि म्हणाल्या, "मग तितंच पान मांडून घ्या की." मामांना त्यात रागवण्यासारखं काय होतं तेच समजलं नाही. त्यांनी शांतपणे उठून टोपल्यातली भाकरी स्वतः घेतली.

पण एक गोष्ट मी लग्नानंतर लवकरच हेरली. मामा डेपोत जाताना डब्यात आत्यांची चटणी गरजेपेक्षा जास्त न्यायचे. एकट्या माणसाला एवढी कशाला? तर सगळ्यांना वाटायला. संध्याकाळी आले की हातपाय धुऊन भिंतीकडं बघत बातमी द्यायचे, अक्कलकोट गाडीच्या ड्रायव्हरनं दोनदा मागून घेतली म्हणून. आत्या विचारायच्या, "आन् तुमाला कशी लागली?" मामा म्हणायचे, "मला काय इचारती? मी घरचा माणूस." आत्या कपाळावर हात मारून घ्यायच्या. मला मात्र वाटायचं, स्वतःला जे बोलता येत नाही ते हा माणूस दुसऱ्यांकडून बोलवून घेतोय.

फुटबॉल त्यांच्या आयुष्यात आला तो डेपोमुळं. तरुणपणी डेपोचा संघ होता आणि मामा बचावफळीत खेळायचे. त्या संघाची सगळ्यात मोठी लढत म्हणजे जिल्ह्याची अंतिम फेरी, समोर बार्शीचा संघ. ही गोष्ट मामा स्वतःच सांगायचे आणि नुसती सांगायचे नाहीत, बाहेरच्या खोलीतली खुर्ची बाजूला सरकवून करून दाखवायचे. बार्शीचा एक बुटका, डाव्या पायाचा पोरगा चेंडू घेऊन त्यांच्यावर धावून आला. मामा आडवे आले. त्या पोरानं चेंडू उजवीकडं दाखवला, डावीकडं काढला, परत उजवीकडं घेतला आणि मामांच्या बगलेतून निघून गेला. हे सांगताना मामा तो बुटका पोरगा व्हायचे, खोलीभर धोतर सावरत पळायचे आणि मग शेवटी स्वतः व्हायचे. स्वतः म्हणजे तोंड उघडं ठेवून उभा असलेला माणूस. त्या उभ्या असलेल्या माणसानं मग काय केलं? टाळ्या वाजवल्या. सामना चालू असताना, मैदानाच्या मध्ये, आपल्या संघाचा शर्ट अंगात घालून. टाळ्या वाजवून होईस्तोवर गोल झाला होता.

संघाचा कप्तान म्हणजे मामांच्याच गाडीचा ड्रायव्हर. त्यानं पुढं कित्येक आठवडे मामांशी बोलणं टाकलं. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला, एवढ्यावर सोलापूर–बार्शी गाडी चालली. मामांना त्याचं वाईट वाटलं, पण टाळ्यांचं वाटलं नाही. पुढं तो बुटका खेळाडू एकदा बार्शीहून त्यांच्या गाडीत चढला. मामांनी त्याला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः सोलापूरपर्यंत उभे राहिले. गाडीतल्या प्रत्येकाला तिकीट देताना हा कोण आहे तेही सांगितलं. त्या खेळाडूलाही तिकीट फाडून दिलं, ते वेगळं.

घरी टीव्हीवर जगज्जेतेपदाचा अंतिम सामना बघायचा म्हणजे तर मामांना आवरणं हे एक कामच. गल्लीतली सगळी पोरं आमच्या बाहेरच्या खोलीत. माझी मुलगी गौरी आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून सगळ्यांत पुढं. तो शर्ट मामांनीच नवी पेठेत हिंडून आणलेला. म्हणजे आमचा संघ कुठला हे ठरलेलं. सामना सुरू झाला आणि मामांनी निळ्या शर्टवाल्यांच्या एका पळणाऱ्या गड्याचा जप लावला. पाय बघा पाय, वाऱ्यागत जातंय. त्यानं गोल केल्यावर खोलीत चिडीचूप आणि मामांच्या एकट्याच्या टाळ्या. पोरांनी त्यांच्यावर उशा फेकल्या. आत्यांनी त्यांची खुर्ची धरून भिंतीकडं वळवली, तर ते मान वळवून बघायला लागले. शेवटी आमचे पट्टेवाले जिंकले, सगळी गल्ली नाचायला बाहेर पडली. मामा टीव्हीपाशी जाऊन उभे. गवतात गुडघ्यावर बसलेल्या एका हरलेल्या गड्याकडं बघत म्हणत होते, ह्याला कुणीतरी पाणी द्या की रे.

गौरी तेव्हा त्यांच्यावर रुसली, पण ते हसतखेळत. ती गोलकीपर झाली तीच मुळी मामांमुळं. आमच्या बोळात दोन चपला ठेवायच्या, मध्ये ती, आणि समोरून मामा चेंडू मारणार. तिला शाळेच्या संघात घेतल्यावर तिच्या एकूण एक सामन्याला मामा हजर. लाकडी दांड्याची छत्री, टोपी, खिशात बडीशेप. येताना मात्र रिक्षात तिला सगळं ऐकावं लागायचं, ते समोरच्या संघाबद्दल. त्यांची ती उंच पोरगी कशी डोक्यानं मारती. त्यांच्या गोलकीपरनं कॉर्नरला कसं पुढं येऊन धरलं. गौरी लहान होती तोवर 'आबा, गप बसा ना' म्हणायची आणि हसायची. नववीत गेल्यावर हसणं बंद झालं.

त्या वर्षी तिच्या शाळेचा संघ जिल्ह्याच्या अंतिम फेरीत गेला. समोर पुन्हा बार्शी. त्यांच्यात सात नंबरचा शर्ट घातलेली एक मुलगी होती, सावळी, काटक, केसांची घट्ट वेणी. ती पोरगी खरंच जबरदस्त होती, खोटं कशाला बोलू? तिनं गौरीला चकवून दोन गोल मारले. दुसरा गोल तर असा की गौरी एका बाजूला झेपावली आणि चेंडू आरामात दुसऱ्या बाजूनं आत गेला. गौरी मातीत पडलेली. तिनं मान वर केली तर आमच्या बाजूला सगळे डोक्याला हात लावून बसलेले, आणि त्यात तिचा आजोबा एकटा उभा राहून टाळ्या वाजवतोय.

घरी आल्यावर तिनं गुडघ्यावरची माती धुतली, जेवली नाही, आणि मामांसमोर येऊन उभी राहिली.

"आबा, पुढच्या वर्षी तुम्ही मॅचला येऊ नका."

मामांनी तिच्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. "बरं," म्हणाले.

बाकी ती त्यांना काही बोलली नाही, मला आत येऊन बोलली. तिला काय हवं होतं? एक शब्द. गौरे, चांगली खेळलीस, एवढंच. ते तिनं आजवर सगळ्यांकडून ऐकलं होतं, शिक्षकांकडून, समोरच्या संघाच्या आयांकडून सुद्धा. ज्याच्याकडून ऐकायचं त्या माणसाकडून कधी ऐकलं नव्हतं. आणि ती म्हणाली, मी खरंच चांगली नसेन, म्हणून आबा बोलत नसतील. हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी तडक बाहेर आले, पण माझ्याआधी संजयनंच तोंड उघडलं होतं. तो वडलांना कधी उलटून बोलत नाही. त्या दिवशी म्हणाला, मला तुमची सवय आहे दादा, तिला नाही. मामांनी बडीशेपेसाठी खिशात हात घातला आणि तो तसाच आत राहिला.

त्यानंतर मामा गप्प झाले. कौतुकच बंद. नरसम्माक्कांची चटणी आली तरी मुकाट्यानं खायचे. टीव्हीवर कुणी कसाही खेळो, नुसते बघायचे. घरात कधी नव्हे ती शांतता झाली आणि ती आम्हालाच सोसेना. शेवटी आत्याच वैतागून म्हणाल्या, "अवो, बोला की कायतरी. ती नरसम्मा काय वाईट करती का चटणी?" मामा म्हणाले, चांगली करती, आणि पाणी प्यायले. आत्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

गौरी दहावीत गेली. शाळेकडून खेळायचं हे तिचं शेवटचं वर्ष, आणि संघ पुन्हा अंतिम फेरीत, पुन्हा बार्शीशीच. सामना सोलापुरातच, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आजोबांना ये म्हणायला ती तयार नव्हती. मी दोघांच्या मध्ये पोस्टमन झाले. तिला विचारलं तर म्हणे, त्यांनी एकदा म्हणू दे ना, मग येऊ देत. मामांना सांगितलं, एकदा म्हणून टाका, काय झिजणार आहे तुमचं? मामांनी खिशातली बडीशेप तळहातावर घेतली, परत खिशात टाकली. मग म्हणाले, "न्हाई निघत गं तोंडातनं. लई डाव म्हनायला गेलो. हितं येऊन अडकतं." आणि त्यांनी गळ्याला हात लावला. मी त्यांच्यावर रागावणार होते ते राहूनच गेलं.

सामन्याच्या दिवशी दुपारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी चढवून बाहेर पडले. डेपोत जाऊन येतो म्हणाले. आम्हाला वाटलं, शब्द पाळायचा म्हणून बिचारे लांब निघालेत. आत्या, संजय आणि मी मैदानावर जाऊन आमच्या शाळेच्या बाजूला बसलो. संघ आत आले. गौरी गोलपाशी गेली, हातमोजे घट्ट केले आणि आमच्या रांगेवरून नजर फिरवली. एकदा, मग पुन्हा. नका येऊ म्हणणारीच शोधत होती. तिच्या तोंडावरून मला कळलं.

संजयनं माझा हात दाबला. समोर बघ म्हणाला. मैदानाच्या पलीकडं बार्शीची माणसं बसलेली. मुलींचे आईबाप, शिक्षक, लाल टोप्या, मोठा फलक. त्यांच्या बरोब्बर मध्ये, पांढरी टोपी घालून, छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून मामा.

आत्यांनी डोळे बारीक करून खात्री केली. मग म्हणाल्या, "गेले. पार तिकडं जाऊन मिळाले." आणि पदर तोंडाला लावला. आजूबाजूच्या बाया विचारायला लागल्या, ते तुमचेच ना? संजय म्हणाला, नाही, तसाच दिसणारा कुणीतरी असेल. मला इतका संताप आला होता की मी समोर बघायचंच सोडून दिलं. नातीनं येऊ नका म्हटलं म्हणून समोरच्यांत जाऊन बसायचं? ह्या वयात?

मग ती सात नंबरची चेंडू घेऊन सुटली. आमच्या दोघी मागं टाकल्या आणि जवळून सणसणीत मारला. गौरी आडवी झेपावली आणि बोटांच्या टोकांनी चेंडू खांबाबाहेर काढला. आमच्या बाजूला जल्लोष झाला तो झालाच. पण पलीकडं, गप्प बसलेल्या बार्शीकरांमध्ये, एक माणूस उभा राहून डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होता. आणि आवाज तर कंडक्टरचा, भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. "काय पोरगी हाय ओ! बघा की, काय झेप हाय!"

गौरीनं मान वळवून पलीकडं बघितलं. चेंडू कॉर्नरला गेला होता, सगळे जागा घेत होते, आणि ही तशीच बघत उभी. तिच्या संघातल्या मुलीनं तिला हाक मारली तेव्हा भानावर आली.

मध्यंतर झाल्याबरोबर आत्यांनी मला पलीकडं पिटाळलं. मी गेले तर मामा बार्शीकरांचे चुरमुरे खात बसलेले. मी काही बोलायच्या आत शेजारच्या गृहस्थांनीच मला गाठलं. ताई, तुमचे हे काका घेऊन जावा म्हणाले. बसल्यापास्नं आमच्यात बसून तुमच्या गोलकीपरचं गुणगान लावलंय. कुणाच्या बाजूनं हाय तुमी, असं विचारलं तर म्हणतायत, बार्शीच्या.

मी मामांना म्हणाले, चला आपल्या बाजूला, लोक हसतायत.

"न्हाय. हितंच बरं हाय," मामा म्हणाले. मग जरा माझ्याकडं सरकून, हळू आवाजात, "तिकडं बसलो की ती आपली हुती गं. तोंडच उघडत न्हाय. हितनं ती समोरची हाय. आपसूक निघतंय बघ."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. ह्या माणसाला कायदा मोडता येत नव्हता, म्हणून तो स्वतःच उठून पलीकडं जाऊन बसला होता. कुणाला न सांगता, हसं होईल हे माहीत असून. मी त्यांना एवढंच म्हणाले, मामा, ऊन लागतंय, छत्री उघडा. आणि परत आले.

आमच्या बाजूला येऊन मी सगळं सांगितलं. संजय तोंड फिरवून उगाच लांब कुठंतरी बघायला लागला. आत्यांनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

उत्तरार्धात गौरी जे खेळली ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक वेळी चेंडू धरला की पलीकडून हाक यायची. हात बघा हात. अशी गोलकीपर आमच्या बार्शीला का मिळंना? बार्शीकर आधी वैतागले, मग त्यांनी नाद सोडला, मग त्यातले काहीजण हसायला लागले. पण सामना संपता संपता त्या सात नंबरनं डाव साधलाच. लांबून, वळवून असा मारला की तिथं कुणीही असतं तरी काही चाललं नसतं. बार्शीकर उड्या मारायला लागले, टोप्या उडाल्या. मी घाबरून मामांकडं बघितलं, आता वाजवतायत टाळ्या. मामा ढिम्म. सगळे नाचतायत आणि हे एकटे खाली बसलेले, हात मांडीवर. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बार्शी आता त्यांची होती. आपल्याच संघाचं कौतुक ते कसं करतील? सामना चालू होता, आम्ही हरत होतो, आणि मी पोट धरून हसत होते.

आम्ही हरलो. त्यानंतर थंडीत मामांचं दुखणं सुरू झालं, दवाखाना झाला, नळ्या झाल्या. तिथले मामा मी शेवटचे म्हणून धरत नाही. माझ्या डोळ्यांपुढं शेवटचे येतात ते त्या मैदानावरचे.

शिट्टी झाल्यावर गौरी आपल्या मैत्रिणींकडं गेली नाही. हातमोजे काढत ती सरळ मैदान ओलांडून बार्शीच्या बाजूला चालायला लागली. मामा उठून उभे राहिले होते. ती मैदानाच्या कडेच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेपाशी पोचली, रेघ ओलांडून त्यांच्याजवळ जाणार, तेवढ्यात मामांनी तळहात पुढं करून तिला थांबवलं. तितंच, आतच थांब. ते आम्हाला लांबून दिसलं. ती रेघेच्या आत थांबली, मामा रेघेबाहेर, आणि मामा बोलायला लागले. ऐकू काहीच येत नव्हतं. नुसते हात हलताना दिसत होते. हात उजवीकडं जायचे, वर जायचे, एकदा तर त्यांनी झेपावल्यासारखं केलं आणि छत्रीवर तोल सावरला. एका सामन्याचं नव्हतं ते. पहिल्यापासूनचं, साठलेलं सगळं असणार. गौरी हातमोजे छातीशी धरून ऐकत होती. मध्येच तिनं बाहीनं डोळे पुसले, पण जागची हलली नाही. बक्षिसासाठी नावं पुकारली जात होती, तरी ह्यांचं चालूच.

संजय म्हणाला, बोलवू का त्यांना? मी नको म्हणाले.

आत्या एवढा वेळ बसून बघत होत्या. अचानक उठल्या. पदर खोचला, चपला घातल्या. कुठं निघाला, मी विचारलं. गुडघे धरत, मधूनमधून थांबत त्या मैदानावरून चालत गेल्या आणि गौरीच्या शेजारी, रेघेच्या आत, मामांकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

मामा बोलायचे थांबले. त्यांनी एकदा आत्यांच्या पायांकडं बघितलं, मग रेघेकडं, मग आत्यांकडं. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आणि पुन्हा बोलायला लागले.